लिटरला अकरा

“थांब ललिता, फेस बसू दे.”

मन्सूर गाडीच्या मागच्या चाकाशी वाकला होता. त्याचा कान डिझेलच्या टाकीच्या तोंडाजवळ होता. पंपावरच्या ललितानं नोझल तसंच हातात धरलं आणि दुसरा हात कमरेवर ठेवला.

“काका, मशीन कट झालंय. टाकी फुल.”

“कट झालं म्हणजे फुल झाली असं नाही. डिझेलला दुधासारखा फेस येतो. फेस वर आला की मशीनला वाटतं, झालं. दोन मिनिटं दम धर, मग बघ अजून किती मावतं.”

“आणि बाकीच्या गिऱ्हाइकांना काय सांगू? काका दूध तापवतायत?”

“रविवारी सकाळी पावणेसहाला कुठली गिऱ्हाइकं तुझी? दाखव बरं एखादं.”

सातारा रस्ता खरोखरच मोकळा होता. समोर कुणी नसलं तरी सिग्नल आपले लाल-हिरवे होत होते. मन्सूरच्या शेजारी अकरा वर्षांची ऋतुजा मांडीवर वही उघडून उकिडवी बसली होती. तिनंही टाकीकडे कान केला. आतून बारीक चुरचुर येत होती, ग्लासात सोडा ओतल्यावर येते तशी. हळूहळू ती थांबली.

“बसला,” ऋतुजा म्हणाली.

“आता सोड. धार बारीक ठेव.”

ललितानं बारीक धार सोडली. आकडा सरकत सरकत सव्वा लिटरवर गेला, तेव्हा कुठं टाकीच्या गळ्याशी डिझेल चमकलं.

“म्हणजे मघाशी फुल नव्हतीच,” ऋतुजाचे डोळे मोठे झाले होते.

“नव्हतीच. आता नीट ऐक. टाकीत किती डिझेल आहे ते आपल्याला दिसत नाही. पण फिरून आल्यावर याच मशीनवर, गाडी याच जागी उभी करून, बरोबर इथंपर्यंत पुन्हा भरलं, तर जेवढं मावेल तेवढंच आपण जाळलं. दिसत नाही ते असं मोजायचं.”

“तास संपला असेल तर निघायचं का?” मागून सूरज म्हणाला. ट्रॅकपँटच्या खिशात हात घालून तो मघापासून उभा होता.

सूरज हा ऋतुजाचा बाप आणि सोनबाशेठचा मुलगा. सोनबाशेठचा मार्केट यार्डात गुळाचा गाळा होता आणि घर बिबवेवाडीत. मन्सूर त्यांच्या गाडीवर गेली बावीस वर्षं ड्रायव्हर होता. सूरजला दहावीच्या परीक्षेला त्यानंच सोडलं होतं. गणिताच्या पेपराच्या दिवशी कंपास घरी राहिला म्हणून भर वाहतुकीत गाडी उलटी घेतली होती, तीही त्यानंच. आज सूरज हिंजवडीत मोठ्या पगारावर होता, स्वतः विजेची गाडी वापरत होता, आणि घरातली प्रत्येक गोष्ट मोबाईलवर आलेख काढून बघायची त्याला सवय होती. गेल्या महिन्यात त्यानं डिझेलचं कार्डही मोबाईलला जोडलं. आलेख आला, लिटरला अकरा किलोमीटर. कंपनीच्या पुस्तकात छापलं होतं, वीस.

गुरुवारी सकाळी घरातले सगळे पोहे खात होते आणि मन्सूर किल्ली घ्यायला दारात उभा होता.

“मन्सूरकाका, कंपनी म्हणते वीस, आपली गाडी देते अकरा,” सूरज म्हणाला. “मधले नऊ कोण पितं?”

तो हसतच म्हणाला. हसत म्हटलेलं जास्त लागतं, कारण त्यावर रागावताही येत नाही. त्याची आई तुळजाबाई नुसत्या “सूरज” म्हणाल्या. पण सोनबाशेठ काहीच बोलले नाहीत. खाली मान घालून पोह्यांतल्या मिरच्या ताटाच्या कडेला काढत राहिले. डिझेल काढून विकणारे ड्रायव्हर शहरात असतात, हे मन्सूरला ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांच्यात आपलं नाव घातलं गेलं आणि शेठ मिरच्या वेचत बसले, हे मात्र त्याला गिळता येईना. घरी गंज पेठेत त्याची बायको सुरय्या दोन दिवस विचारत होती, जेवण का जात नाही म्हणून.

शनिवारी तो सूरजला म्हणाला, “दादा, टाकी फुल करून मोजू. तुम्ही सोबत बसा.”

तर असा तो रविवार उजाडला होता.

दोन दिवसांचं रोजचं फिरणं एका सकाळी फिरायचं ठरलं. घर ते सदाशिव पेठेतली ऋतुजाची शाळा, शाळा ते घर, घर ते गाळा, असं सगळं मिळून बहात्तर किलोमीटर. मन्सूरनं एसी बंद ठेवला, काचा बोटभर खाली घेतल्या आणि गाडी सोडली. चार दिवस मनात साचलेलं सगळं त्याच्या पायात उतरलं होतं. पण ते जोरानं नाही, हळुवारपणे उतरलं होतं.

“काका, तुम्ही ब्रेकच लावत नाही,” स्वारगेट ओलांडताना ऋतुजा म्हणाली.

“लिंबू-चमचा पळलीयस ना शाळेत? त्यात कोण जिंकतं?”

“जो धावत नाही तो.”

“आणि थांबतही नाही तो. थांबलं की पुन्हा निघावं लागतं, आणि निघतानाच सगळं डिझेल जातं. झोपाळा थांबलेला असला की पहिला हेलकावा जड जातो, मग नुसतं बोट लावलं तरी पुरतं. तो पुढचा सिग्नल बघ. लाल आहे. आपण आत्ताच पाय काढला. पोहोचेपर्यंत हिरवा होईल.”

झालाही. ऋतुजानं टाळी वाजवली. पुढचे चार सिग्नल तिनं आधीच ओळखून सांगितले. टिळक रस्त्यावर तर सूरजसुद्धा मोबाईल खिशात टाकून पुढं वाकून बघू लागला, क्रिकेटची शेवटची षटकं बघावीत तसा. दुसऱ्या फेरीला तोच म्हणाला, “आता पाय काढा काका, लाल आहे.” तिघंही हसले. मन्सूरला वाटलं, झालं, मिटलं.

साडेआठला ते पंपावर परत आले. गाडी त्याच जागी. पुन्हा फेस बसू दिला. पुन्हा बारीक धार. आकडा तीन पूर्णांक आठवर थांबला.

ऋतुजानं वहीवर भागाकार केला. “एकोणीसला जरासं कमी. एकोणीसच धरा. काका, एकोणीस आलं.”

मन्सूरनं रुमालानं कपाळ पुसलं. वय एकोणसाठ, पण चेहरा शर्यत जिंकलेल्या पोरासारखा झाला होता.

“वा,” सूरज म्हणाला. मग त्यानं गाडीकडे बघितलं. “म्हणजे गाडी एकोणीस देते. मग रोज अकरा का, काका?”

ललिता हातातलं झाकण लावता लावता थांबली. मन्सूरचा चेहरा उतरला. चूक त्याला त्याच क्षणी कळली. स्वतःचं कसब दाखवायच्या भरात त्यानं सूरजच्याच हातात पुरावा दिला होता. गाडी निर्दोष ठरली होती, आता उरला होता एकटा ड्रायव्हर.

“पप्पा, तुम्हाला काही कळत नाही,” ऋतुजा म्हणाली. “शाळेत तपासणीला साहेब येतात तेव्हा आम्ही सगळे हाताची घडी घालून बसतो. रोज कुठं बसतो? काकांनी आज तसं केलं. रविवार, त्यात रस्ता रिकामा, एसी बंद. ही काय रोजची परीक्षा आहे?”

“मग काय करायचं, बाई?”

“आठवडाभर मोजायचं. टाकी आत्ता फुल आहे. झाकणावर मी कागद चिकटवते, माझी सही करून. कुणी उघडलं तर फाटेल. शनिवारी पुन्हा भरायचं.”

सूरजनं मन्सूरकडे बघितलं.

“चालेल,” मन्सूर म्हणाला. “रोज चालवतो तशीच चालवीन. मुद्दाम चांगली नाही, मुद्दाम वाईट नाही. आणि शनिवारी मेळ बसला नाही, तर किल्ली तुमच्या हातात देईन, दादा. मला जा म्हणायचीही गरज नाही.”

ऋतुजानं झाकणावर दोन पट्ट्या चिकटवल्या आणि त्यावर शाळेच्या वहीत करते तशी वेलांटीदार सही ठोकली.

मधलं डिझेल कुठं जातं, हे मन्सूरला माहीत होतं. सगळं नाही, पण बरंचसं. आणि ते सांगायचं नव्हतं, हीच तर अडचण होती.

सोमवारी दुपारी दोनला तो रोजच्यासारखा गाळ्यावर गेला. सोनबाशेठ आतून मुनीमजींना म्हणाले, “बँकंत जाऊन येतो,” आणि गाडीत मागं येऊन बसले. मन्सूरनं गाडी बँकेकडे नेली नाही. गोदामांच्या मागं एका कडुलिंबाखाली उभी केली. इंजिन चालूच ठेवलं, एसीही चालू. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं.

वर्षभर हे असंच चाललं होतं. गाळ्यात पूर्वी गादी होती. दुपारचा डबा खाऊन शेठ त्याच गादीवर, डोळ्यांवर पंचा टाकून, तासभर आडवे व्हायचे. पंचेचाळीस वर्षांची सवय. गेल्या वर्षी सूरजनं गादी काढून टेबल-खुर्च्या आणल्या आणि भिंतीवर कॅमेरा लावला. मग एके दिवशी घरी म्हणाला, “आबा, तुम्ही खुर्चीत डुलक्या घेता ते मला ऑफिसात मोबाईलवर दिसतं. कशाला दगदग? गाळा भाड्यानं देऊ, तुम्ही घरी निवांत झोपा.” दुसऱ्या दिवसापासून शेठ गाळ्यात झोपले नाहीत. मन्सूरला एवढंच म्हणाले, “कुनाला बोलू नगंस.”

उभी गाडी, चालू इंजिन, चालू एसी. किलोमीटर शून्य आणि डिझेल मात्र तासाला पाऊण-एक लिटर. साधं गणित होतं.

पण त्या सोमवारी शेठना झोप आली नाही. आरशात मन्सूरला त्यांचे उघडे डोळे दिसत होते.

“मन्सूर.”

“जी, शेठ.”

“इंजन बंद कर. काच खाली घे. ह्यो आठवडा मी झोपत न्हाई.”

“मग शनिवारी पंधरा येतील, शेठ. काल एकोणीस आले तर मी अर्धा चोर झालो. पंधरा आले की पुरा होईन. रोज अकरा येतात, तर अकराच यायला हवेत.”

“म्हंजी मी झोपायचं म्हनतोस?”

“झोपायचं. रोजच्यासारखं. घोरायचंसुद्धा.”

शेठ हसले नाहीत. “सूरजला कळलं तर गाळा गेला, मन्सूर. त्याला निमित्तच पाह्यजे. घरात बसून मी करू काय? भितीकडं बघत?”

“मी सांगणार नाही.”

“ठावं हाय मला,” शेठ म्हणाले. म्हणाले आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

मन्सूर पुढच्या वाक्याची वाट बघत राहिला. गुरुवारचे पोहे दोघांच्याही डोळ्यांसमोर असणार, असं त्याला वाटत होतं. पण मागून आलं ते घोरणं. त्यानं मागं न बघता एसीची हवा एका आकड्यानं कमी केली, आणि समोरच्या घड्याळाकडे बघत बसला.

आठवडा मात्र मजेत गेला, तो ऋतुजामुळं. वहीत तिनं रकाने आखले होते. कुठून, कुठं, किती किलोमीटर, किती मिनिटं. शाळेच्या वेळा ती स्वतः लिहायची, गाळ्याच्या फेऱ्या मन्सूर तिच्या चिठ्ठीवर लिहून द्यायचा. घर ते गाळा, तीन किलोमीटर, तेरा मिनिटं. त्यात एकही अक्षर खोटं नव्हतं. उभं राहण्याचा रकानाच तिनं आखला नव्हता.

“काका, गाळा तर एवढा जवळ. तिथं जाताना आकडा इतका खाली का येतो?” मंगळवारी तिनं गाडीतल्या मायलेजच्या पडद्याकडे बोट दाखवून विचारलं.

“आजी भाकरी करतात तेव्हा पहिल्या भाकरीला वेळ का लागतो?”

“तवा थंड असतो.”

“हं. आणि समज, आजीनं एक भाकरी केली, गॅस बंद केला. तासानं पुन्हा पेटवला, पुन्हा एकच भाकरी. दिवसभर तसंच. गॅस कुणी खाल्ला?”

“तव्यानंच.”

“आपलं इंजिन म्हणजे तो तवा. तीन किलोमीटरमध्ये नुसता तापतो, तोवर गाळा येतो. कंपनी मोजते तेव्हा गाडी खोलीत, जागच्या जागी फिरणाऱ्या रुळांवर पळवतात. एसी नाही, खड्डा नाही, मधेच आडवी येणारी रिक्षा नाही. कंपनी खोटं बोलत नाही. तिच्या वीसमध्ये पुणं नाही, एवढंच.”

ऋतुजानं हे सगळं वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं. बुधवारी स्वारगेटच्या चौकात ते वीस मिनिटं अडकले, तेव्हा त्यानं तिला अंतर, वेग आणि वेळ यांची गणितं घातली. “शाळा सहा किलोमीटर. वेग ताशी बारा. किती वेळ?” “अर्धा तास.” “कसा काढलास?” “अंतर भागिले वेग.” “शाब्बास. यातले कुठलेही दोन ठाऊक असले की तिसरा लपून राहत नाही.” मागच्या बसचा हॉर्न वाजेपर्यंत दोघांना हिरवा दिवा दिसलाच नाही.

शनिवारी संध्याकाळी सहा वाजता अख्खं घर पंपावर निघालं. सूरज पुढं बसला, मागं तुळजाबाई आणि ऋतुजा. वाटेत गाळ्यावरून सोनबाशेठना घेतलं. गुडघे दुखत असूनही तुळजाबाई हट्टानं आल्या होत्या. “मन्सूरभाऊ चोर असंल तर मी बी हाय,” असं त्या सकाळपासून तीनदा म्हणाल्या होत्या.

ललितानं गाडीत डोकावून बघितलं. “अरे वा. आज वऱ्हाड घेऊन आलात?”

“निकाल आहे,” ऋतुजा म्हणाली.

सूरजनं स्वतः खाली उतरून झाकणावरच्या पट्ट्या तपासल्या. मोबाईलचा उजेड पाडून तपासल्या. सही अखंड होती, एक कोपराही सुटलेला नव्हता. मग झाकण उघडलं आणि डिझेल सुरू झालं. मशीन कट झालं. आता काय करायचं ते कुणी सांगायची गरज नव्हती. शेठ मागच्या सीटवरच बसून राहिले, बाकीचे टाकीभोवती गप्प उभे राहिले. तुळजाबाईंनी तर गाडीतूनच तोंडावर बोट ठेवलं. सूरजनं खाली वाकून कान लावला.

“बसतोय,” तो कुजबुजला.

मग बारीक धार. अठरा. अठरा पाच. एकोणीस. आकडा एकोणीस पूर्णांक सहावर थांबला आणि डिझेल गळ्याशी चमकलं.

“दोनशे सोळा किलोमीटर,” ऋतुजा मोठ्यानं म्हणाली आणि वहीवर वाकली. सूरजचा अंगठा मोबाईलवर तिच्याआधी पोहोचला. त्यानं आकडा बघितला, पुन्हा एकदा टाकून बघितला.

“अकरा,” तो म्हणाला. “अकरा पूर्णांक शून्य दोन.”

“अकरा,” ऋतुजा ओरडली. “झाकण बंद, तरी अकरा.”

“बघ रं,” तुळजाबाई काचेतून हात बाहेर काढून म्हणाल्या, “म्हनलं न्हवतं?”

ललिता हसत सुटली. शेजारच्या मशीनवर उभा असलेला एक रिक्षावाला काही कळलं नसताना “अभिनंदन” म्हणून गेला. सूरज मन्सूरसमोर आला. “चुकलं माझं, काका,” तो म्हणाला. सरळ म्हणाला, यावेळी न हसता. मन्सूरनं नुसती मान हलवली. नऊ दिवसांनी त्याला पहिल्यांदा भूक लागली होती.

“थांबा, एक गणित राहिलंय,” ऋतुजा पुढच्या सीटवरून म्हणाली. आनंदाच्या भरात ती आत जाऊन पडद्यावरची बटणं दाबत बसली होती. “रविवारी किलोमीटर शून्य केले तेव्हापासूनचा सरासरी वेग इथं दिसतोय. ताशी नऊ. दोनशे सोळा भागिले नऊ, चोवीस. म्हणजे इंजिन चोवीस तास चालू होतं. बरोबर ना, काका?”

मन्सूरनं टाकीचं झाकण उचलून लावायला घेतलं.

“पण माझ्या वहीतली मिनिटं मिळून अठराच तास होतात. मी दोनदा बेरीज केली.” तिनं वही वर धरली. “मग सहा तास गाडी कुठं चालू होती? दिवसाला एक तास. बरोबर आहे ना गणित?”

ती त्याच्याकडेच बघत होती. उत्तर बरोबर आलं की मुलाच्या तोंडावर जो उजेड पडतो, तो तिच्या तोंडावर होता. चूक आहे म्हणणं सोपं होतं. पडदा बिघडलाय म्हणणं तर त्याहून सोपं. पण गणित बरोबर होतं आणि ते त्यानंच शिकवलं होतं.

“बरोबर आहे,” मन्सूर म्हणाला. “अगदी बरोबर आहे, बाळा.”

सूरजनं वही घेऊन बघितली. मग त्याच्या चेहऱ्यावर पुन्हा ते हसू आलं, यावेळी मायेचं. त्यानं मन्सूरच्या खांद्यावर हात ठेवला.

“म्हणजे दुपारी एसी लावून तासभर डुलकी. अहो काका, मग सांगायचं ना. साठीला आलात, चालायचंच. मी काही खाणार होतो का तुम्हाला?”

ललितानं दुसरीकडे बघितलं. मन्सूर टाकीचं झाकण फिरवत होता. ते केव्हाच घट्ट बसलं होतं, तरी फिरवत होता. चोर नाही ठरला. मालकाच्या डिझेलवर झोपणारा ठरला, आणि त्याची माफीही मिळाली. आता नुसतं “हो दादा” म्हणायचं, की सगळं मिटत होतं. गाळा राहत होता, नोकरी राहत होती. त्यानं तोंड उघडलं. पण ते दोन शब्द बाहेर येईनात. त्यानं शेठकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर ते साक्ष मागितल्यासारखं झालं असतं.

गाडीचं मागचं दार उघडलं. सोनबाशेठ एक पाय टेकवून, दाराला धरून, सावकाश खाली उतरले.

“त्यो न्हाई झोपत,” ते म्हणाले. “मी झोपतो.”

सूरजचा हात मन्सूरच्या खांद्यावरून खाली आला.

“बँकंत जातो म्हनून सांगतो आन् गोदामामागं गाडीत झोपतो. वरीस झालं. गादी काढलीस तवापास्नं. त्यो पुढं जागा बसून ऱ्हातो, मला उठवाया.”

“आन् मला रोज सांगता बँकंत लई गर्दी असती,” तुळजाबाई गाडीतून म्हणाल्या. पण त्यांच्या आवाजात नेहमीची धार नव्हती.

“आबा,” सूरज म्हणाला, “मला सांगायचं ना.”

“सांगितलं असतं तर गाळा ठिवला असतास?”

पंपावर एक टेम्पो येऊन उभा राहिला. ललिता तिकडे गेली नाही.

“ऱ्हाऊ दे,” शेठ म्हणाले. “सोमवारपास्नं गाळ्याचं काय करायचं ते तू बघ. जागं ऱ्हाता येत न्हाई त्यानं गल्ल्यावर बसू नये, ह्ये माझाच बाप म्हनायचा.” मग ते मन्सूरकडे वळले. बावीस वर्षांत त्यांनी त्याच्याकडे असं समोरून, उभं राहून, क्वचितच बघितलं असेल. नेहमी आरशातूनच.

“मन्सूर, त्या दिशी पोहं खाताना मी बोलाया पाह्यजे हुतं.”

सगळे मन्सूरच्या ‘जाऊ द्या शेठ’ची वाट बघत होते. तो नेहमी तेच म्हणायचा. गाडीला ओरखडा पडला तरी, पगार लांबला तरी, ईदला सुट्टी मिळाली नाही तरी.

“बोलायला पाहिजे होतं, शेठ,” मन्सूर म्हणाला.

शेठनी मान हलवली. दोनदा हलवली. मग ते गाडीत जाऊन बसले. ऋतुजानं वही मिटून पोटाशी धरली. एवढं बरोबर गणित सोडवलं, तरी सगळे असे गप्प का झाले, हे तिला कळत होतं आणि नव्हतंही.

परतताना दिवस मावळला होता तरी उकाडा हटला नव्हता. सातारा रस्ता बंपरला बंपर लागून उभा होता. एसी लावा असं कुणी म्हणालं नाही. आधी सूरजनं त्याची काच खाली घेतली, मग तुळजाबाईंनी, मग ऋतुजानं. बसचा धूर आत येत होता, आणि शेजारच्या मोटारसायकलवाल्याचं फोनवरचं भांडणही. शेठ पंच्यानं मान पुसत होते. पुसून झालं की पुन्हा पुसत होते.

सिग्नलला गाडी थांबली. मन्सूरनं आरशात एकदा बघितलं आणि हात पुढं करून एसीचं बटण दाबलं.

“काचा वर घ्या,” तो म्हणाला.

एकेक करून सगळ्यांनी काचा वर घेतल्या.